मुंबई ते नागपूर : विमान दीड तासाचं, प्रवास किती तासांचा?

लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल तर आधी जरा आत सरका. मी थांबते तोवर.

हं. तर आजचा विषय अगदी साधा आहे. मुंबई ते नागपूर अंतर किती, आणि विमानाला वेळ किती लागतो? फोनवर विचारलंत तर एका सेकंदात उत्तर येतं. दीड तास, क्वचित पावणेदोन. झालं, भाग संपला, बाय!

नाही, थांबा. मी मूळची नागपूरची. आता कितीतरी वर्षं डोंबिवलीत राहते. या दोन शहरांमधलं अंतर मी विमानाने कापलंय, ट्रेनने कापलंय आणि समृद्धी महामार्गावरून गाडीनेही कापलंय. त्यामुळे 'दीड तास' ऐकलं की मला हसू येतं. दीड तासात मी घरापासून विमानतळापर्यंत पोचले तरी नशीब. शिवाय आपल्यापैकी कितीतरी जण शिकायला, नोकरीला घरापासून लांब राहतात. तुमचं गाव नागपूर नसेल, लातूर असेल, कोल्हापूर असेल, गोंदिया असेल. पण एक दिवस असा येतो की 'घरी पोचायला नक्की किती वेळ लागेल' हे खरं खरं माहीत असावं लागतं. ते कसं काढायचं, ते आज बोलू.

आधी अंतर. गंमत अशी की मुंबई-नागपूर अंतराची तीन वेगवेगळी उत्तरं आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत.

पहिलं उत्तर, सुमारे ६८० किलोमीटर. हे हवाई अंतर. मुंबईचा विमानतळ आणि नागपूरचा सोनेगावचा विमानतळ, या दोन ठिपक्यांमध्ये पृथ्वीच्या पाठीवरून सरळ दोरी ताणली तर ती इतकी भरेल.

दुसरं उत्तर, ७०१ किलोमीटर. ही समृद्धी महामार्गाची लांबी. पण हा रस्ता ना गेटवेपासून सुरू होतो, ना सीताबर्डीत संपतो. तो भिवंडी तालुक्यातल्या आमणेला सुरू होतो आणि नागपूरच्या अलीकडे शिवमडक्याला संपतो. दोन्ही टोकांचं शहरातलं अंतर वेगळं धरायचं.

तिसरं उत्तर, ८३७ किलोमीटर. सीएसएमटी ते नागपूर हे रेल्वेचं अंतर. कारण रेल्वेला सरळ जाणं जमत नाही. ती कसाऱ्याचा घाट चढते, नाशिक, मनमाड, जळगाव, भुसावळ करत वर जाते, मग अकोला, बडनेरा, वर्धा करत नागपूरला येते. कसारा ते इगतपुरी चढ इतका खडा आहे, ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, की गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. रात्री वरच्या बर्थवर झोपला असाल तर कसाऱ्याला तो धक्का जाणवतो. आमच्या घरी त्याला 'घाट आला' असंच म्हणतात.

म्हणजे बघा, सरळ दोरीपेक्षा रेल्वे दीडशे किलोमीटरने लांब. आणि आपण मात्र बिनधास्त म्हणतो, 'नागपूर आठशे किलोमीटर आहे.' कुठल्या वाटेने, ते कोण सांगणार?

आता वेळ. साधं गणित करू. आपल्याकडे या मार्गावर जी विमानं उडतात ती वर पोचल्यावर साधारण ताशी ८३० किलोमीटर वेगाने जातात. ६८० भागिले ८३०. पन्नास मिनिटंसुद्धा होत नाहीत. मग तिकिटावर दीड तास का लिहितात?

कारण तिकिटावरची वेळ उडण्याची नसतेच मुळी. विमान मुंबईत गेटवरून मागे सरकलं तिथपासून नागपुरात जाऊन जागेवर थांबलं तिथपर्यंतचा तो वेळ असतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं. आणि मुंबईत ते रांगत जाणं म्हणजे खरंच रांग असते. मुंबईच्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणजे कामाला एका वेळी एकच. आणि त्या एकीवरून दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. तुम्ही खिडकीत बसून पुढच्या विमानांच्या शेपट्या मोजता ना, पाच, सहा, सात, तो वेळसुद्धा त्या दीड तासात आधीच धरलेला असतो.

मग चढणं-उतरणं. दहा हजार फुटांच्या खाली विमानाला वेग मर्यादेत ठेवावा लागतो, ताशी साधारण ४६० किलोमीटर. तुमची ती पन्नास मिनिटं पूर्ण वेगाने जाण्याची होती. एवढ्या छोट्या प्रवासात पूर्ण वेग मिळतो जेमतेम अर्धा तास. वर आकाशातही ठरलेल्या वाटा असतात, ठरलेले बिंदू असतात. विमान कावळ्यासारखं सरळ जात नाही.

आणि वर कंपन्या थोडी ऐसपैस वेळ छापतात. आपल्याकडे विमान ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत आलं तर ते 'वेळेवर' धरतात. छापील वेळ थोडी सैल ठेवली की वेळेवर पोचण्याची टक्केवारी चांगली दिसते. कधी कधी पायलट अभिमानाने सांगतो ना, 'आपण वीस मिनिटं लवकर उतरलोय', त्यातला मोठा वाटा या सैल वेळेचा असतो.

थोडासा हात वाऱ्याचाही. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. नागपूरला जाताना ते पाठीवर, मुंबईला येताना तोंडावर. पावसाळ्यात उंचावरचा वारा बहुधा पूर्वेकडून येतो, मग हिशोब उलटा. पण एवढ्या अंतरात फरक काही मिनिटांचाच.

आता मुख्य गोष्ट. वही नाही तर फोनमधलं नोट्स उघडा आणि माझ्याबरोबर बेरीज करा.

समजा सकाळी दहाचं विमान आहे. डोंबिवलीहून विमानतळाला सकाळच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास. सामान द्यायचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, गेट पंचवीस मिनिटं आधी. त्याआधी दारावर ओळखपत्र, मग सिक्युरिटीची रांग. म्हणून सव्वाआठला विमानतळावर हवं. म्हणजे घर सोडायचं पावणेसातला. विमान उतरलं ११.३५ ला. पट्ट्यावर बॅग येऊन बाहेर पडेपर्यंत बाराला पाच कमी. वर्धा रोडवरून घरी, १२.२५.

किती झाले? पावणेसात ते १२.२५. पाच तास चाळीस मिनिटं. त्यातले हवेतले तास? सव्वा, फार तर.

आता ६८० किलोमीटरला त्या पाच तास चाळीस मिनिटांनी भागा. उत्तर येतं, ताशी १२० किलोमीटर. आणि समृद्धी महामार्गावर कारला वेगाची कमाल मर्यादा किती आहे? १२०! मी पहिल्यांदा हा हिशोब केला तेव्हा दोनदा तपासला. दारापासून दारापर्यंत धरलं तर माझं जेट विमान समृद्धीवरच्या कारच्या वेगाने जातं.

मग कारने का नाही जायचं? तोही हिशोब करू. ७०१ भागिले १२०, पाच तास पन्नास मिनिटं. पण हे कागदावर. सलग सहा तास १२० च्या काट्यावर कोणी गाडी चालवत नाही आणि चालवूही नये. जेवण, चहा, पाय मोकळे करणं धरून साडेसात-आठ तास. आमणेपर्यंत पाऊण तास, शिवमडक्याहून घरी आणखी अर्धा-पाऊण तास. एकूण नऊ तास धरा. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि तिथल्या आठेक किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाटाची कटकट संपली, म्हणून नऊ. आधी हेच बारा-चौदा व्हायचे.

ट्रेन? दुरांतोने अकरा तासांच्या आसपास, विदर्भ एक्स्प्रेसने चौदा. घर ते स्टेशन वेगळं. पण ती रात्रीची गाडी. रात्री झोपलात, सकाळी नागपूर. त्यातले आठ तास तुम्ही तसेही झोपणारच होतात ना? ते प्रवासात धरायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवायचं.

म्हणून माझं म्हणणं असं की, 'मुंबई ते नागपूर किती वेळ' हा प्रश्नच अर्धा आहे. तुमची मुंबई कोणती? अंधेरीत राहणाऱ्याला विमानतळ वीस मिनिटांवर. त्याला विमानाशिवाय दुसरं काही सुचूच नये. कल्याण-डोंबिवलीवाल्याला आमणे जवळ, कल्याण स्टेशन त्याहून जवळ. पनवेलवाल्याचं गणित आणखी वेगळं. आणि आता नवी मुंबईचा विमानतळही आलाय, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्यामुळे तिकीट काढताना नुसतं 'मुंबई' बघू नका. कोणता विमानतळ, कोणतं टर्मिनल, हेही बघा. सांताक्रूझचं टर्मिनल एक आणि सहारचं टर्मिनल दोन यांच्यातही बाहेरून बराच वळसा आहे.

इथपर्यंत सगळं दिवसाचं गणित झालं. हातात वेळ आहे, मन शांत आहे. आता रात्रीचं सांगते.

गेल्या हिवाळ्यात एका रात्री पावणेअकराला आईचा फोन आला. बाबांच्या छातीत दुखत होतं, त्यांना धंतोलीतल्या हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, सकाळी नऊला अँजिओप्लास्टी करू, मुलांपैकी कोणी असेल तर बरं. आई रडत नव्हती. तिने एवढंच विचारलं, "कधी पोचून राहिली तू?"

मी दादाला फोन लावला. तो अंधेरीला राहतो. तो म्हणाला, "तू आत्ता निघ, माझ्यासाठी थांबू नको." माझा नवरा गाडीची चावी घेऊन उभाच होता. त्या क्षणी सगळं अंग म्हणत असतं, निघ. चाकं फिरायला लागली की आपण काहीतरी करतोय असं वाटतं.

मी पाच मिनिटं मागितली आणि कागदावर लिहिलं. शेवटचं विमान गेलेलं. रात्रीच्या मुख्य गाड्यांनी कल्याण सोडलेलं. उरले दोन पर्याय. एक, कार. सव्वाअकराला निघायचं, नऊ तास, सव्वाआठला हॉस्पिटल. दोन, सकाळी सहाचं विमान. ७.३५ ला उतरणार, हातात फक्त पाठीवरची बॅग, सव्वाआठला हॉस्पिटल.

सव्वाआठ आणि सव्वाआठ!

रात्रभर गाडी हाणून जेव्हा पोचणार, तेव्हाच चार तास झोपून, विमानात बसूनही पोचणार. फरक फक्त पोचताना आम्ही कसे असू, एवढाच. कारमध्ये दिवसभराच्या कामाने थकलेला नवरा, शेजारी घाबरलेली मी, आणि सरळ, रिकामा, अंधारा रस्ता. समृद्धीवर अडचण अशी की रस्ता इतका सरळ आणि एकसारखा आहे की डोळे उघडे असूनही मेंदू झोपतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणाऱ्या खासगी बसला अपघात होऊन आग लागली. २५ माणसं गेली. ती बातमी माझ्या डोक्यातून कधीच गेली नाही. आईला त्या रात्री एकाच माणसाची काळजी होती. मला तिला आणखी दोघांची द्यायची नव्हती.

आम्ही विमान घेतलं. महाग पडलं, शेवटच्या क्षणाचं तिकीट ते. दादा आणि मी गेटवर भेटलो. मला खिडकी मिळाली. तुम्हाला माहितीये, नागपूर मुंबईच्या पूर्वेला साधारण सहा अंशांवर आहे. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण सूर्य नागपूरला जवळपास पंचवीस मिनिटं आधी उगवतो. मुंबई सोडताना मिट्ट काळोख होता आणि नागपूरला उतरताना लख्ख ऊन. आठ वाजून दहा मिनिटांनी आम्ही बाबांच्या समोर होतो. बाबा म्हणाले, "दोघंही आले? ऑफिसला सुट्टी टाकली का?" बाबा आता बरे आहेत. रोज सकाळी फिरायला जातात आणि आल्यावर तर्री पोह्याकडे बघून सुस्कारा सोडतात.

पण त्या रात्री बाबांजवळ सगळ्यात आधी कोण पोचलं, सांगू? आमच्या शेजारचे काका. स्कूटरवरून. बारा मिनिटांत. फॉर्मवर सही त्यांनी केली, आईला चहा त्यांनी आणून दिला, रात्रभर बाकावर ते बसले. सातशे किलोमीटरचं कोणतंही वाहन त्या स्कूटरला हरवू शकत नव्हतं.

यावरून मला नागपूरचीच एक जुनी गोष्ट आठवते. १९४९ साली आपल्याकडे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास, चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं नागपूरला उतरायची. तिथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं आपापल्या शहरी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र पहाटे दिल्लीत, कोलकात्यात, मद्रासमध्ये. नागपूरच का? नकाशा बघा. मुंबई तिथून ६८० किलोमीटर, दिल्ली साडेआठशेच्या आसपास, मद्रास नऊशे, कोलकाता हजाराच्या थोडं आत. सगळ्यांना मधलं.

तेव्हाची ती पंख्यांची विमानं आजच्या जेटच्या निम्म्या वेगाचीही नव्हती. तरी एका रात्रीत देशाची चार टोकं जोडली जायची, कारण वेळापत्रक जुळवलेलं होतं. एकाने दुसऱ्यासाठी थांबायचं हे आधीच ठरलं होतं. वेगापेक्षा ते ठरलेलं असणं जास्त कामाला आलं.

आपणही तेच करू शकतो. म्हणून आज एवढंच करा, हा भाग संपल्यावर दहा मिनिटं काढा.

एक. तुमच्या घरापासून गावच्या घरापर्यंत, दारापासून दारापर्यंतचा वेळ लिहून ठेवा. तीन वेळांसाठी लिहा : सकाळी फोन आला तर, दुपारी आला तर, रात्री अकराला आला तर. पहिलं विमान, शेवटचं विमान, रात्रीच्या गाड्या आणि त्या तुमच्या जवळच्या कोणत्या स्टेशनवर थांबतात, सगळं. वेळापत्रकं बदलतात, म्हणून दर सहा महिन्यांनी एकदा बघा.

दोन. रात्री कारने निघायचं असेल तर आधी बघा, पहाटेच्या विमानापेक्षा किंवा गाडीपेक्षा खरंच किती आधी पोचणार? तासाभराचाच फरक असेल तर झोपा. निघालातच, तर चालवणारे दोघं हवेत आणि दर दोन तासांनी थांबा.

तीन. गावी तुमचे ते 'शेजारचे काका' कोण आहेत, हे ठरवा. त्यांचा नंबर तुमच्याकडे हवा, तुमचा त्यांच्याकडे हवा. घराची एक किल्ली त्यांच्याकडे असली तर उत्तम. आणि आई-बाबांच्या औषधांच्या चिठ्ठीचा, विम्याच्या कार्डाचा फोटो तुमच्या फोनमध्ये आत्ताच घेऊन ठेवा. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा काकांसाठी डोंबिवलीहून काहीतरी घेऊन जा. मी चकल्या नेते. ते म्हणतात, नागपुरात काय चकल्या मिळत नाहीत का, आणि डबा ठेवून घेतात.

चला, आज इथेच थांबते. भाऊ-बहीण दुसऱ्या शहरात असतील तर हा भाग त्यांना पाठवा आणि तो कागद दोघांनी मिळून लिहा. तुमच्या गावाचं दारापासून दारापर्यंतचं गणित किती आलं तेही मला कळवा. गडचिरोलीवाल्यांनो, सिंधुदुर्गवाल्यांनो, तुमच्या आकड्यांची मी खास वाट बघतेय. पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि हो, आज घरी एक फोन करा.